साखरेच्या पैशाचे घर

वास्तूचा इतिहास लिहिणारे बहुधा दर्शनी भिंतीपासून सुरुवात करतात. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवर 7 क्रमांकाचे घर आहे. त्याची ओळख मी तळघरापासून करून देणार आहे, कारण तेथे राबणाऱ्यांवरच ते उभे होते.

तळघरात स्वयंपाकघर आहे, धुलाईघर आहे, आणि मालकाने थंड पाण्यात बुडी मारावी म्हणून बांधलेले दगडी स्नानकुंड आहे. वरच्या मजल्यांवर दिवाणखाने, उंच खिडक्या, प्रमाणबद्ध खोल्या. 1714 ते 1830 या काळात इंग्लंडच्या गादीवर एकामागून एक चार जॉर्ज बसले, म्हणून या शैलीला जॉर्जियन म्हणतात. संयम आणि समतोल हे तिचे गुण सांगितले जातात. बाहेरून पाहणाऱ्याला दगडाची साधी, शांत भिंत दिसते, बडेजाव नाही. पैसा कोठून आला, हे असली भिंत सांगत नाही.

पैसा आला कॅरिबियन समुद्रातील नेव्हिस बेटावरून. 1790 च्या सुमारास हे घर बांधून घेणारा जॉन पिनी तेथील उसाच्या मळ्यांचा मालक होता आणि मळ्यांवर राबत होते आफ्रिकी गुलाम. तरुणपणी बेटावर पोहोचल्यावर त्याने पत्रात लिहिले की, माणसे विकायला मांडलेली पाहून आपल्याला प्रथम धक्का बसला. पण देवानेच ती आपल्या उपयोगासाठी नेमलेली असणार, नाही तर त्याने काही खूण दाखवली असती. हा युक्तिवाद आपल्या वाचकांना नवा वाटणार नाही. सोय माणसाची, सही देवाची! ‘गुलामगिरी’ (1873) हा ग्रंथ जोतीराव फुल्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी जनतेला अर्पण केला, तो उगीच नव्हे.

1765 साली पिनीने पेरो नावाचा 12 वर्षांचा मुलगा त्याच्या दोन बहिणींसह विकत घेतला. 1783 साली पिनी कुटुंब इंग्लंडला परतले, तेव्हा पेरोलाही बरोबर आणले. तो मालकाचा खास नोकर. सुमारे 30 वर्षे त्याने सेवा केली, आणि 1798 साली गुलाम म्हणूनच मेला. त्याच घरात काम करणाऱ्या फॅनी कोकरला मात्र पिनीने 1778 सालीच मुक्त केले होते. म्हणजे मुक्ती हा हक्क नव्हता, मालकाची मर्जी होती. पुढे 1833 च्या कायद्याने ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी रद्द झाली, तेव्हा सरकारने 2 कोटी पौंड भरपाई दिली, तीही मालकांना. राबलेल्यांना एक पैही नाही.

आज हे घर म्युझियम आहे. ऐतिहासिक इमारतींच्या सरकारी यादीत त्याला दुसऱ्या वर्गातले, पण तारांकित स्थान आहे. म्हणजे परवानगीशिवाय त्यात मोडतोड करता येत नाही. भिंतींना असे कायद्याचे कवच मिळाले. पेरोचे नाव 1999 साली बंदरावरील एका पादचारी पुलाला मिळाले. त्याच्याविषयी आपल्याला जे कळते, ते बहुतांशी पिनीच्याच हिशेबांतून आणि पत्रांतून.