एमसीबीवरचे नाव आणि आकडा

घराचे वायरिंग नव्याने करावयाचे ठरले तेव्हा बँकेतील जुन्या सवयीने मी तीन इलेक्ट्रिशियनांना बोलावले आणि एकच प्रश्न विचारला : माल कोणत्या कंपनीचा घ्यावा? पहिल्याने अँकर सुचविले. सुटे बटण कोणत्याही दुकानात मिळते, हे कारण. (२००७ पासून ती कंपनी पॅनासोनिककडे आहे, हे त्याला ठाऊक नव्हते, त्याचे काही अडलेही नव्हते.) दुसरा लेग्रँडसाठी आग्रही. अशा मतांत दुकानदाराच्या कमिशनचा वाटा किती, हे व्यापारी वाचकांना मी काय सांगावे!

तिसरे गृहस्थ वयस्कर. त्यांनी आधी मेन बोर्ड उघडला. "साहेब, गीझरची वायर अडीचची आणि एमसीबी ३२ चा? कुणी लावला?"

लावून घेतला होता मीच. गीझर व वॉशिंग मशीन एकाच वायरवर असल्याने १६ चा वारंवार पडत असे.

एमसीबी रक्षण करतो ते वायरीचे. वायरीला पेलेल त्याहून मोठा आकडा बसविला, तर ती तापत असताही तो स्वस्थ राहतो. मग त्यावर नाव कोणाचेही असो. माणसाला बसणाऱ्या झटक्यासाठी तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी वेगळाच लागतो. आमच्याकडे तो नव्हता.

"पण कंपनी?" मी पुन्हा विचारले.

"आयएसआयचा शिक्का पाहा, पक्के बिल घ्या. नाव तुम्ही ठरवा."

१६ चा त्याच दिवशी परत बसला. मशीनसाठी स्वतंत्र वायर ओढण्यास दोन दिवस लागले. तोवर धुणे हातानेच झाले.