मागच्या रांगेपर्यंत उजेड

घरात काढलेल्या ग्रुप फोटोत बिघडते ते बहुधा एकच: पुढे मांडी घालून बसलेली मुले पांढरीफटक येतात आणि मागे उभे असलेले काका काळवंडतात. कॅमेरा कितीही भारी असला तरी हे टळत नाही, कारण दोष कॅमेऱ्यात नसून उजेडाच्या जागेत असतो. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. दिवा पुढच्या रांगेपासून 2 मीटरवर आणि मागची रांग त्याच्यापासून 3 मीटरवर असेल, तर मागच्यांना पुढच्यांच्या जेमतेम 44 टक्के उजेड मिळतो. तोच दिवा आणखी 2 मीटर मागे नेला, म्हणजे अंतरे 4 आणि 5 मीटर झाली, की हे प्रमाण 64 टक्क्यांवर जाते. एका माणसाच्या फोटोत दिवा जवळ आणावा, घोळक्याच्या फोटोत लांब न्यावा. बाकीची मांडणी या एका गोष्टीभोवती फिरते.

कुवेतमधल्या मराठी घरांना हा प्रश्न जास्त वेळा पडतो. उन्हाळ्यात पारा 45 अंशांपुढे जात असल्याने वर्षातले कितीतरी महिने समारंभ बंद दारांआडच होतात. दिवाळी कामाच्या दिवशी आली तर फराळ शुक्रवारच्या सुटीवर ढकलावा लागतो, आणि नोव्हेंबरात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. म्हणजे संध्याकाळी पाहुणे जमेपर्यंत खिडकीचा उजेड संपलेला असतो. फोटो दुपारच्या जेवणाआधी उरकता आला तर दिव्यांचा अर्धा खटाटोप वाचतो. सुमारे 29 अंश उत्तर अक्षांशावरच्या कुवेत शहरात नोव्हेंबरचे ऊन दक्षिणेकडून तिरपे आत येते. त्या बाजूच्या खिडकीला पातळ पांढरा पडदा हवाच. उत्तरेची खिडकी आपोआप मऊ, सावली न बोचणारा उजेड देते.

हे शहाणपण जुनेच आहे. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिथल्या सुरुवातीच्या छायाचित्रकारांपैकी एक. त्या काळातले स्टुडिओ काचेच्या छपराखाली आणि शक्यतो उत्तरेच्या उजेडावर चालत. जर्मनीत 1887 साली मॅग्नेशियमची झगझगीत पूड आली आणि रात्री फोटो काढणे सोपे झाले. खोलीत धूर व्हायचा, तो भाग वेगळा.

आज त्यासाठी पुरतो तो कॅमेऱ्यावर बसणारा छोटा फ्लॅश, एक रेडिओ ट्रिगर, एक स्टँड आणि पांढरी छत्री. छत्री जितकी मोठी तितक्या सावल्यांच्या कडा मऊ. पण ती लांब नेली की परिणामाने लहान होते, म्हणून घोळक्यासाठी मीटरभराची छत्री किमान समजावी. दीड मीटरची मिळाली तर उत्तम. ती कॅमेऱ्याच्या अगदी जवळ, किंचित एका बाजूला आणि अडीच मीटर उंचीवर उभी करावी. तोंड पुढच्या रांगेकडे नको, मागच्या रांगेच्या चेहऱ्यांकडे हवे. उजेडाचा मधला जोर मागे जातो, कडेचा सौम्य भाग पुढच्यांवर पडतो आणि दोन्ही रांगा जवळजवळ सारख्या उजळतात.

दोन बाजूंना दोन दिवे लावण्याची हौस बहुतेकांना असते. ते जवळ आणि आडवे लावले तर प्रत्येक नाकाला दोन सावल्या फुटतात, आणि कडेच्या माणसाची सावली शेजाऱ्याच्या गालावर पडते. एक मोठा दिवा नीट ठेवता येत नसेल, तर दुसऱ्याने गोंधळच वाढतो. छत्रीही नसेल तर फ्लॅशचे डोके कॅमेऱ्यामागच्या पांढऱ्या भिंतीच्या आणि छताच्या कोपऱ्याकडे वळवावे. तो कोपराच मोठा दिवा होतो. सरळ डोक्यावरच्या छताकडे वळवले तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. भिंत पिस्ता किंवा गुलाबी असेल तर चेहरेही पिस्ता किंवा गुलाबी येतात.

रंगाची दुसरी फसगत झुंबराने होते. पिवळ्या बल्बचा उजेड 2700 ते 3000 केल्व्हिनचा, फ्लॅशचा साधारण 5500 चा. दोन्ही एकत्र पडले की कॅमेऱ्याला कोणता खरा मानावा हे कळत नाही. झुंबर बंद करावे, हा सोपा उपाय. पणत्या आणि आकाशकंदील फोटोत हवे असतील, तर फ्लॅशवर नारिंगी जिलेटिनचा कागद लावून कॅमेरा तिकाटण्यावर ठेवावा आणि शटर 1/15 ते 1/30 सेकंदावर आणावे. फ्लॅशशिवाय, नुसत्या एलईडीवर काढायचे असेल तर शटर 1/50 किंवा 1/100 ठेवावे. कुवेतची वीज भारतासारखीच 50 हर्ट्झची असल्याने स्वस्त दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात, आणि वेगवान शटरवर फोटोत आडवे पट्टे उमटतात. भारतातून मोठे दिवे नेले तर प्लग मात्र बदलावा लागतो. तिथे ब्रिटिश पद्धतीच्या चौकोनी पिना चालतात.

माणसे उभी करणे हाही प्रकाशयोजनेचाच भाग. दिवाणियाच्या, म्हणजे कुवेती बैठकीच्या खोलीच्या, पद्धतीने तिन्ही भिंतींना टेकून बसलेला घोळका एका छत्रीने उजळत नाही. सगळ्यांना एका बाजूला, पण भिंतीपासून मीटर-दीड मीटर पुढे आणावे, म्हणजे सावल्या भिंतीवर न चढता मागे खाली पडतात. रांग सरळ न ठेवता मंद कमानीत वळवली की टोकाची माणसेही दिव्यापासून तितक्याच अंतरावर येतात. चष्मेवाल्यांना हनुवटी जरा खाली घ्यायला सांगावी. पैठणीची जर आणि नथ छत्रीच्या मऊ उजेडात खुलतात, उघड्या फ्लॅशखाली मात्र पांढरे ठिपके होतात. काचेचे शोकेस आणि टीव्ही मागे नसावेत.

35 मिलिमीटरची लेन्स, अ‍ॅपर्चर एफ 8, शटर 1/125, आयएसओ 400 इथून सुरुवात करावी. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर 4 मीटरवर फोकस केल्यास सव्वादोन मीटरपासून मागचे सगळे स्पष्ट येते. छत्री दुप्पट लांब नेल्याने उजेड चौपट घटतो. फ्लॅशचा जोर संपला तर आयएसओ 1600 करायला कचरू नये. 24 मिलिमीटरने मात्र टोकाच्या नातेवाइकांचे चेहरे ताणले जातात, आणि ते वर्षभर ऐकवतात.

उरते डोळे मिटण्याची अडचण. ऑस्ट्रेलियातील निक स्वेन्सन आणि पियर्स बार्न्स यांनी तिचे गणित मांडले आणि त्यांना 2006 चे इग नोबेल मिळाले. विसापेक्षा कमी माणसे असतील तर चांगल्या उजेडात संख्येला तीनने आणि मंद उजेडात दोनने भागावे. तितके फोटो काढले की एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे असतात. अठरा जणांच्या कुटुंबाला छत्री लावून 6 फोटो पुरतात, अंधुक हॉलमध्ये 9 लागतात.