अंतर्गत रोपणे, चुंबकीय चित्रण आणि परिचारिकांचे शिक्षण

८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोम येथील कॅरोलिन्स्का रुग्णालयात शल्यविशारद ओके सेनिंग यांनी, अभियंता रूने एल्मक्विस्ट यांनी सिद्ध केलेला पेसमेकर एका रुग्णाच्या शरीरात संपूर्णपणे बसविला. असा प्रयोग जगात प्रथमच होत होता. ते उपकरण काही तासांतच बंद पडले. परंतु तोच रुग्ण पुढे वीसाहून अधिक पेसमेकर बदलीत २००१ पर्यंत जगला. त्यानंतरच्या काळात कृत्रिम खुबे व गुडघे, हृदयाच्या झडपा, रक्तवाहिन्यांतील स्टेंट, कानातील कॉक्लिअर रोपणे अशा कितीतरी वस्तू मनुष्यदेहात कायमच्या वस्तीस आल्या. दुसरीकडे, १९७७ पासून मनुष्यदेहाची चित्रे चुंबकीय अनुनादाच्या साहाय्याने, म्हणजेच एमआरआय यंत्राने, घेता येऊ लागली. ही दोन्ही तंत्रे परस्परांचा फारसा विचार न करता वाढली आणि अखेर एकाच रुग्णाच्या शरीरात त्यांची गाठ पडली.

ही गाठ धोक्याची का, हे समजण्यासाठी यंत्रात तीन निरनिराळी क्षेत्रे कार्य करीत असतात हे ध्यानात घ्यावयास हवे. पहिले स्थिर चुंबकीय क्षेत्र. रुग्णालयातील नेहमीच्या यंत्रात ते १.५ टेस्ला असते, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट. लोहचुंबकीय वस्तूस ते ओढते आणि पिळतेही. दुसरे, चित्रणाच्या वेळी क्षणोक्षणी बदलणारे क्षेत्र. त्यामुळे वाहक तारांत विद्युत्प्रवाह उत्पन्न होऊ शकतात. तिसरे रेडिओलहरींचे. १.५ टेस्लाच्या यंत्रात त्यांची वारंवारता सुमारे ६४ मेगाहर्ट्झ असते आणि त्या शरीरास उष्णता देतात.

पहिल्या क्षेत्राचे भय सर्वांस सहज पटते. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वृत्तान्तानुसार, मेंदूतील रक्तवाहिनीचा फुगवटा आवळण्यासाठी बसविलेली क्लिप चुंबकाजवळ जाताच हलली आणि रक्तस्राव होऊन रुग्ण दगावला. ती क्लिप अचुंबकीय प्रकारची आहे, अशी नोंदींवरून समजूत झाली होती. तिसऱ्या क्षेत्राचे भय मात्र सूक्ष्म आहे. पेसमेकरची तार रेडिओच्या एरियलप्रमाणे लहरी ग्रहण करते, आणि सारी उष्णता तिच्या उघड्या टोकाशी, हृदयाच्या स्नायूला चिकटलेल्या जागी, एकवटते. ही उष्णता तारेची लांबी, तिची वळणे आणि लहरींची वारंवारता यांवर अवलंबून असते. म्हणूनच ३ टेस्लाच्या यंत्रात निर्धोक ठरलेले रोपण १.५ टेस्लाच्या यंत्रातही निर्धोकच असेल, असा निष्कर्ष काढता येत नाही. हे अनेकांस विपरीत वाटते. ‘कमी शक्तीचे यंत्र म्हणजे कमी धोका’ हा हिशेब येथे चुकतो. याखेरीज जुन्या पेसमेकरमध्ये चुंबकाने मिटणारी एक कळ असते. ती मिटली की हृदयाचे स्वतःचे ठोके न पाहता उपकरण ठराविक गतीने प्रेरणा देत राहते.

रोपणांचे वर्गीकरण करण्यासाठी २००५ पासून अमेरिकन मानकसंस्था ‘एएसटीएम’ हिने तीन संज्ञा रूढ केल्या: सुरक्षित, सशर्त आणि असुरक्षित. यांपैकी मधली संज्ञाच सर्वांत अधिक गैरसमज उत्पन्न करते. सशर्त याचा अर्थ अमुक शक्तीचे क्षेत्र, अमुक उष्णतामर्यादा, शरीराचा अमुक भाग, एवढ्या अटी पाळल्या तरच. आपल्याकडे चिठ्ठीवर ‘चालेल’ एवढाच शेरा पडतो आणि अटी मागे राहतात. सशर्त पेसमेकरला अमेरिकेत प्रथम मान्यता मिळाली ती २०११ मध्ये. जुन्या उपकरणांविषयी १.५ टेस्लाच्या यंत्रावर, छातीखेरीज अन्य अवयवांच्या चित्रणाचा एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पेसमेकर असलेल्यांची १००० व डिफिब्रिलेटर असलेल्यांची ५०० चित्रणे होती, आणि चित्रणाच्या वेळी एकही मृत्यू घडला नाही. परंतु या यशामागे प्रत्येक उपकरणाची आधी व नंतर तपासणी, आवश्यक तेथे त्याची तात्पुरती पुनर्योजना आणि अखंड निरीक्षण होते, हे विसरून चालणार नाही.

येथे परिचारिकेचे काम सुरू होते. प्रशिक्षणात तिला सर्वप्रथम शिकवावयाची गोष्ट म्हणजे चुंबक कधीच बंद नसतो. चित्रण थांबले, दिवे गेले, विजेची कळ दाबली, तरी द्रवरूप हेलियमने थंड ठेवलेल्या वेटोळ्यांतून प्रवाह वाहतच राहतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या एका रुग्णालयात रुग्णासोबत आलेला एक तरुण ऑक्सिजनचे नळकांडे घेऊन त्या कक्षात गेला आणि नळकांड्यासह यंत्राकडे खेचला जाऊन मृत्यू पावला. यंत्र बंद असल्याचे त्यास सांगण्यात आले होते, असे त्या वेळी वृत्तपत्रांत आले होते. याच कारणाने, रुग्णाचे हृदय बंद पडल्यास त्यास प्रथम कक्षाबाहेर काढावयाचे आणि मग पुढील उपचार करावयाचे, हे तिच्या अंगवळणी पडले पाहिजे. बाहेरून धावत येणाऱ्यांच्या हातात काय असेल याचा नेम नसतो.

दुसरी गोष्ट प्रश्न विचारण्याची. ‘शरीरात काही धातू आहे का?’ या प्रश्नास बहुतेक रुग्ण ‘नाही’ म्हणतात, आणि ते खोटे बोलत नाहीत. त्यांच्या लेखी मांडीत ‘रॉड टाकलेला’ असतो, गुडघ्याची ‘वाटी बदललेली’ असते, हृदयात ‘जाळी’ किंवा ‘स्प्रिंग’ असते, छातीत ‘बॅटरी’ असते. स्त्रिया ‘तांबी’ बसविल्याचे या प्रसंगी सांगतीलच असे नाही. यांतील बहुतेक वस्तू निर्धोक निघतात. पण त्या कोणत्या हे ठरविण्यासाठी आधी त्यांचे अस्तित्व कळावयास हवे. तेव्हा प्रश्न रुग्णाच्या शब्दांत, एकेका अवयवाविषयी आणि दोनदा विचारावा: एकदा वॉर्डात, एकदा दाराशी. लेथवर काम केलेल्या मनुष्यास डोळ्यात कधी लोखंडाचा कीस गेला होता काय, हे निराळे विचारावे; संशय आल्यास आधी डोळ्यांचा एक्स-रे काढतात. बेशुद्ध रुग्णाच्या बाबतीत शस्त्रक्रियांचे व्रण व जुने एक्स-रे हीच साक्ष. परदेशी पुस्तकांतील प्रश्नावलीचे शब्दशः भाषांतर या कामी फारसे उपयोगी पडत नाही. कोल्हापूरच्या व नागपूरच्या वॉर्डांतील बोली ऐकूनच ती तयार केली पाहिजे.

दागिने, अॅल्युमिनियमचा थर असलेल्या औषधी पट्ट्या, त्वचेला टेकलेल्या तारा आणि एकमेकांत गुंतविलेले हात यांनीही भाजण्याचा संभव असतो. या बाबी अल्प वेळात शिकविता येतात.

अधिक अवघड आहे ते नोंदींचे काम. रोपणासोबत निर्मात्याचे नाव, नमुना व क्रमांक छापलेल्या चिकटपट्ट्या येतात. युरोपीय संघाच्या २०१७ च्या नियमाने रुग्णास रोपणपत्रिका देणे बंधनकारक केले आहे. भारतात वैद्यकीय उपकरणांपासून होणाऱ्या अपायांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाला असून परिचारिकाही त्याकडे थेट वृत्त पाठवू शकतात. परंतु क्रमांकच हाती नसेल तर वृत्त कशाचे पाठविणार? शस्त्रक्रियागृहात खोके उघडले जाते तेव्हा ती चिकटपट्टी केसपेपरवर लावणे, दुसरी डिस्चार्ज कार्डावर लावणे, आणि ते कार्ड दहा वर्षांनीही जपून ठेवावयाचे आहे असे घरच्या मंडळींस समजावून सांगणे, ही तिन्ही कामे बहुधा एकाच परिचारिकेच्या हाती असतात.