बुवाविरुद्धची तक्रार म्हणजे धर्माविरुद्धची तक्रार?

एखाद्या महाराजावर लैंगिक अत्याचाराचा आरोप झाला की भक्तांची प्रतिक्रिया ठरलेली: ‘धर्माला बदनाम करायचा डाव आहे.’ तक्रार करणारं माणूस बहुधा त्यांच्यातलंच असतं, हे कोणी लक्षात घेत नाही. स्वयंघोषित संत आसाराम बापूच्या प्रकरणातली मुलगी सोळा वर्षांची, आईवडील निस्सीम भक्त आणि शाळाही त्याच आश्रमाचं गुरुकुल. तिला भूतबाधा झाली आहे, उपाय बापूच करतील, असं घरच्यांना सांगण्यात आलं. तक्रार ऑगस्ट २०१३ मध्ये झाली, आसारामला जन्मठेप एप्रिल २०१८ मध्ये. मधल्या काळात साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचे खूनही पडले.

‘मग इतके दिवस गप्प का बसली?’ हा प्रश्न जास्त निर्दय. गुरूवर संशय घेणं हेच पाप, असं जिच्या मनावर लहानपणापासून ठसवलंय, ती आधी स्वतःलाच दोषी धरते. शिवाय तोंड उघडलं की सत्संग तुटतो, नातेवाईक तुटतात, कधी घरही. डेरा सच्चा सौदा या पंथातल्या साध्वीने २००२ मध्ये आपल्यावरच्या अत्याचाराबद्दल पंतप्रधानांना पत्र लिहिलं, तेही निनावी. ते छापणारे सिरशाचे पत्रकार रामचंद्र छत्रपती यांच्यावर त्याच वर्षी गोळ्या झाडल्या गेल्या, त्यात ते गेले. डेऱ्याचा प्रमुख गुरमीत राम रहीमला बलात्काराबद्दल शिक्षा व्हायला २०१७ उजाडलं. बलात्काराच्या तक्रारीला कायद्याने मुदत नाही, हे यासाठीच मोलाचं.

आणि हे एकाच धर्मात घडतं असंही नाही. बोस्टनमधले कॅथलिक धर्मगुरूंचे अत्याचार २००२ मध्ये उघड झाले, तेव्हा बळी पडलेल्यांत श्रद्धाळू घरांतली मुलंच होती.

महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याबद्दलही ‘वारी-कीर्तन बंद पडेल’ अशी आवई वर्षानुवर्षं उठवली गेली. त्यासाठी झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाल्यावर वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. यात्रा, कीर्तन, भजन, प्रवचन, इतकंच काय नंदीबैलवाल्याचं भविष्यही त्यातून स्पष्ट शब्दांत वगळलंय. गुन्हा आहे तो अंगात दैवी शक्ती असल्याचं भासवून, ‘मागच्या जन्मी तू माझी बायको होतीस’ असं सांगून शरीरसंबंध ठेवण्याचा.

एक गैरसमज आम्हा पुरोगाम्यांचाही: आधी पीडितेची श्रद्धा सोडवा, मग बाकीचं. कोणी पुढेही रोज देवापुढे दिवा लावते, कोणाला आरतीचा आवाजसुद्धा सोसत नाही. ते तिचं तिने ठरवावं. ‘मी सांगत होतो ना’ हे वाक्य तर गिळूनच टाकावं. पोलीस ठाण्यात सोबत जावं. घटना दुसऱ्या हद्दीतली असली तरी झिरो एफआयआर नोंदवावाच लागतो.

‘आपापसात मिटवू’ म्हणणाऱ्या विश्वस्तांसाठी: पीडित अल्पवयीन असेल, तर माहीत असून पोलिसांना न कळवणं हा पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ या हेल्पलाइन आहेत. महाराष्ट्रात मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्य मिळतं. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. आणि गावच्या ग्रुपवर पीडितेचं नाव-फोटो फिरवणाऱ्यांनाही कायदा सोडत नाही, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे.