दामदुप्पट कधी?

गेल्या श्रावणातली गोष्ट. रोवणी आटोपली होती, बांध्या पाण्याने भरल्या होत्या. पवनी तालुक्यातल्या आमच्या गावात शेजारच्या बाई सकाळीच ओसरीवर येऊन बसल्या. उन्हाळी धानाचा चुकारा नुकताच जमा झाला होता. एका हातात त्याचे पासबुक आणि दुसऱ्या हातात कुणीतरी दिलेला रंगीत कागद. त्यावर ठळक अक्षरांत छापले होते, ‘चौदा महिन्यांत दामदुप्पट!’

‘गुरुजी, खरंच होतीन का जी?’ त्यांनी विचारले.

मी चटकन उत्तर दिले नाही. चौदा महिने हा आकडा माझ्या फार जुन्या ओळखीचा आहे. त्याच आकड्याने आमच्या घरची एक बांधी गिळली होती.

१९६५ च्या आषाढात वडिलांनी रोवणीसाठी तीनशे रुपये व्याजाने काढले. दर शेकडा पाच; वर्षाला नव्हे, महिन्याला. वडिलांचा हिशेब सरळ होता. तीनशेला महिन्याचे पंधरा, म्हणजे वीस महिन्यांत तीनशेचे सहाशे. त्या वर्षी पावसाने दगा दिला. पुढच्या वर्षीचे धान विकून, मजुरी करून, १९६७ च्या फाल्गुनात वीस महिने भरले तेव्हा ते सहाशे रुपये गाठीला मारून सावकाराकडे गेले. वहीत निघाले ७९६. थकलेले व्याज दर महिन्याला मुद्दलात मिसळत गेले होते. उरलेल्या १९६ रुपयांपायी एक बांधी लिहून द्यावी लागली.

मी तेव्हा मॅट्रिकला होतो. लॉगची कोष्टके नुकतीच हाती आली होती. मोठमोठे गुणाकार झटपट उरकण्याची सोय, एवढीच त्यांची ओळख. त्या रात्री कंदिलापाशी बसून मी पहिल्यांदा त्यांना घरचा प्रश्न विचारला. दरमहा शंभराचे एकशेपाच होतात, म्हणजे १.०५ ला १.०५ ने किती वेळा गुणले की २ येतील? इथे अज्ञात संख्या घातांकात, जणू माळ्यावर जाऊन बसलेली असते. साध्या बेरीज-वजाबाकीचा हात तिथवर पोचत नाही. लॉग ही तिथे लावायची शिडी. २ चा लॉग ०.३०१०, १.०५ चा ०.०२१२. भागाकार केला, उत्तर आले १४.२. वडील ज्या वीस महिन्यांच्या भरवशावर निश्चिंत होते, त्याच्या सहा महिने आधीच कर्ज दुप्पट झाले होते.

पुढे शिकताना मनात आले, सावकाराने महिन्याची वाटही न पाहता रोज, तासाला, क्षणाक्षणाला व्याज मुद्दलात मिसळले असते तर? हाच प्रश्न स्वित्झर्लंडच्या जेकब बर्नोलीने १६८३ साली हाताळला होता. द.सा.द.शे. शंभराने ठेवलेला एक रुपया वर्षाअखेर दोन रुपये होतो. व्याज सहामाही मिसळले तर सव्वादोन, दरमहा मिसळले तर २.६१, रोज मिसळले तर २.७१. त्यापुढे कितीही घाई केली तरी तो २.७१८ च्या आसपासच अडकतो. या संख्येला पुढे ऑयलरने ‘ई’ हे अक्षर दिले. तिच्या पायावरचा लॉग तो नैसर्गिक लॉग. अखंड चक्रवाढीत काळ काढायचा तर रक्कम किती पट व्हायची त्याचा नैसर्गिक लॉग घ्यावा आणि व्याजदराने भागावे, बस्स. दुपटीसाठी तो ०.६९३१ असतो. आमच्या कर्जाचा दर वर्षाला साठ टक्के, म्हणजे ०.६०. भागाकार १.१५५ वर्षे, जवळजवळ १३.९ महिने.

म्हणजे क्षणाक्षणाला व्याज चढवूनही दुपटीची मुदत १४.२ वरून १३.९ महिन्यांवरच येते. बांधी गिळली ती शेकडा पाचच्या दराने आणि व्याजावरच्या व्याजाने. मिसळण्याची घाई वाढवून त्यात फारशी भर पडत नाही. शेकडा पाचचा हा दर आपल्याकडे जुनाच आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, ११५० साली, दरमहा शेकडा पाचचे उदाहरण आहे, मात्र तिथे व्याज सरळ आहे. आणि एका वेळी घ्यायचे व्याज मुद्दलाहून जास्त असू नये, हा दामदुपटीचा दंडक मनुस्मृतीइतका जुना. त्या दंडकाने तीनशेचे देणे सहाशेवर थांबते. वडिलांच्या गाठीला नेमके तेवढेच होते. पण ते सांगणारे त्या ओसरीवर कुणी नव्हते.

हे सारे बाईंना सांगितले नाही. एवढेच विचारले, ‘बाई, चौदा महिन्यांत दुप्पट म्हणजे महिन्याला शेकडा पाच. सावकाराचा दर आहे हा. असा दर देऊन तुमचे पैसे वापरणारा माणूस धंदा तरी कोणता करत असेल?’

त्या गप्प झाल्या. मग आम्ही टपाल खात्याच्या किसान विकास पत्राचा हिशेब मांडला. १९८८ साली ते निघाले तेव्हा साडेपाच वर्षांत पैसे दुप्पट होत. मधे बंद पडून २०१४ साली ते पुन्हा आले, तेव्हा शंभर महिने लागत. एप्रिल २०२३ मध्ये दर साडेसात टक्के आणि मुदत ११५ महिने ठरली. २ च्या लॉगला १.०७५ च्या लॉगने भागा, ९.५८ वर्षे येतात, म्हणजे बरोबर ११५ महिने. कोष्टक हाताशी नसेल तर ७२ ला दराने भागावे; ९.६ वर्षे येतात, घरच्या हिशेबाला तेवढे पुरते.

बाईंना लॉगशी कर्तव्य नव्हते. त्यांनी बोटांवर मोजले. ‘नात दुसरीत आहे. म्हंजे ते बारावीत जाईन तवा.’

‘हो, तेव्हाच.’

रंगीत कागदाची घडी करून त्यांनी ती माझ्याच ओसरीवर ठेवली आणि पासबुक घेऊन त्या पोस्टाच्या वाटेला लागल्या. किती मिळणार हे कुणीही मोठ्या अक्षरांत छापून देतो. कधी मिळणार, हे आपले आपण मोजावे लागते.