हदीसमधले ‘उतरुज्जा’ म्हणजे संत्रे नव्हे! लिंबू-संत्र्याच्या जाती कशा ओळखाल?

कुरआन पढणाऱ्या मोमिनची मिसाल प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ‘उतरुज्जा’ या फळाशी दिली आहे: सुगंधही छान, चवही छान. हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांची ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. काही भाषांतरांत या फळाला ‘संत्रे’ म्हटले जाते. मुलंही तेच पाठ करतात. पण उतरुज्ज म्हणजे फारसीतला तुरंज, आपल्या मराठीत महाळुंग.

इतिहासकार अल-मसऊदी लिहितात की नारंगी हिजरी 300 नंतर हिंदुस्थानातून ओमानला आणि तिथून बसरा, इराक, शामकडे गेली. म्हणजे प्रेषितांच्या (स.) काळात अरबांना माहीत असलेले फळ महाळुंगच. मग बाजारात ही फळं ओळखायची कशी?

महाळुंग : लांबट, खडबडीत, पिवळे. साल बोटभर जाड, आत रस थोडाच. एक फळ खोलीत ठेवले तरी वास दरवळतो. सालीचा मुरब्बा आणि लोणचे होते.

कागदी लिंबू : लहान, गोल, साल कागदासारखी पातळ. इफ्तारच्या शरबतासाठी हेच घ्या. चकचकीत सालीचे आणि हाताला जड लागणारे लिंबू रसदार असते.

ईडलिंबू : कागदी लिंबापेक्षा बरेच मोठे, जाड सालीचे, आंबट. लोणच्याला उत्तम. छोटे महाळुंग म्हणून कुणी दिले तर कापून बघा. रस भरपूर निघाला तर ते महाळुंग नाही.

मोसंबी : साल घट्ट चिकटलेली, हाताने सहज सुटत नाही. आंबटपणा अगदी कमी. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे.

नागपुरी संत्रे : साल सैल, देठाजवळ अनेकदा थोडी उंच. फोडी पटकन सुट्या होतात.

किन्नू : इथेच जास्त फसगत होते. पंजाबकडून येणारे हे फळ कॅलिफोर्नियात दोन जातींच्या संकरातून तयार झाले. रंग गडद केशरी, साल गुळगुळीत आणि घट्ट बसलेली, बिया पुष्कळ. फळ वाईट नाही, रस चांगला निघतो. पण नागपुरी संत्र्याचे पैसे देऊन किन्नू घेऊ नका. विकणाऱ्यानेही नाव खरे सांगावे, माल बदलून विकणे हा धोकाच आहे.

चायना ऑरेंज : नर्सरीतल्या कुंडीत दिसणारी इवलीशी केशरी फळं. दिसायला संत्रे, चवीला लिंबू. मुलांनी गोड समजून तोंडात टाकले की तोंड वेडेवाकडे होते! पाण्यात पिळून शरबत मात्र झकास होते.

गोंधळ झाला तर तीन गोष्टी बघा: साल सैल की घट्ट, जाड की पातळ, आणि नखाने खरवडल्यावर वास कसा येतो.

आणि कधी महाळुंग मिळाले तर एक घरी जरूर आणा. मुलांच्या हातात द्या, वास घेऊ द्या, आणि मग ती हदीस सांगा. मिसाल त्यांच्या कायम लक्षात राहील, इन्शाअल्लाह.