सूर आणि सोबत – ११ : गंधाराचा खटका

फ्रान्सिस पुलांकच्या बासरी-पियानो सोनाटाचा संथ दुसरा भाग, ‘कांतिलेना’, या आठवड्यात ऐकायचा असं ठरलं होतं. तो पुढच्या रविवारी ऐकू. मध्येच एक पत्र आलं आणि ते बाजूला ठेवून पुढे जाणं मला जमेना.

पत्र आपल्या कर्जतमधलंच आहे. लिहिणारे काका कित्येक वर्षं गोदड महाराजांच्या मंदिरात भजनाला पेटी धरतात. ते लिहितात, “तुम्ही दहा आठवडे बासरी आणि पियानोच्या जोडीचं कौतुक सांगताय. आमच्याकडे कामिका एकादशीला एक पाहुणा बासरीवाला आला होता. हात गोड होता, पट्टीही जुळवून घेतली होती. तरी गंधारावर आलो की दर वेळी खटका बसायचा. षड्ज जुळतो, पंचम जुळतो, गंधारच का भांडतो? आणि पेटीशी भांडतो तर पियानोशी कसा भांडत नाही?”

बासरी-पियानोच्या जोडीचं सगळं मर्म या दोन प्रश्नांत आहे. मैफलीला वर्षानुवर्षं जाणाऱ्यांनाही ते पडत नाहीत, कारण त्यांना तयार सूर ऐकायला मिळतो. काकांच्या बोटांखाली तो रोज घडतो, म्हणून खटका त्यांना ऐकू आला.

आधी पट्टीचं पाहू. बासरीवाला पिशवीतून बासरी काढताना म्हणतो, ‘ही पांढरी तीन.’ बासरीला तर कुठलीच पट्टी नसते, ना काळी ना पांढरी! बांबूचा सूर आपण पेटीच्या पट्ट्या मोजून सांगतो, इतकी पेटी आपल्या बोलण्यात मुरली आहे. पेटीच्या या बारा पट्ट्यांची मांडणी पियानोचीच. पियानोला अशा ८८ पट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. म्हणजे मंदिरातली पेटी आणि मुंबईच्या एनसीपीएतला भला थोरला पियानो एकाच घराण्यातले. त्या घराण्याचा नियम असा, की सप्तकाचे बारा भाग अगदी सारखे करायचे. कुठल्याही पट्टीला षड्ज मानलं तरी पुढचं अंतर तेच राहतं. सोय मोठी आहे, पण तिची किंमत गंधाराला मोजावी लागते.

आकडे घेऊ. षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरला तर कानाला निवांत वाटणारा शुद्ध गंधार ३०० कंपनांवर येतो. तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार आपोआप उमटतो, तो याच नात्याचा. पेटीचा आणि पियानोचा गंधार मात्र ३०२.४ वर बसतो. दोन्ही एकदम वाजले की फरकाइतक्या लाटा उठतात, सेकंदाला जवळजवळ अडीच. काकांना बसलेला खटका तो हाच. आता पंचम पाहा. निवांत पंचम ३६० चा, पट्टीवरचा ३५९.६ चा. इथे एक लाट उठायला अडीच सेकंद लागतात, आणि तेवढ्यात भजन पुढे गेलेलं असतं. म्हणून पंचम जुळल्यासारखा वाटतो आणि गंधार भांडतो.

हे भांडण आपल्याकडे फार जुनं आहे आणि महाराष्ट्रातल्या माणसांनी त्यासाठी आयुष्यातली वर्षं खर्च केली आहेत. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले सूर मोजले आणि १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं. क्लेमंट्स नावाच्या आयसीएस अधिकाऱ्यानं त्यांना साथ दिली. दोघांच्या खटपटीतून श्रुती-हार्मोनियम तयार झाली. गाणाऱ्याचा गंधार पेटीत बसत नसेल तर गाणाऱ्यानं का वाकावं, पेटीच बदलू, असा तो विचार. आपल्या काळात ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी करून तीच वाट पुढे नेली. उलट बाजूला आकाशवाणीनं १९४० साली पेटीला दारच बंद केलं. ते पुन्हा किलकिलं व्हायला १९७१ उजाडलं. एकानं वाद्य सुधारलं, दुसऱ्यानं हाकललं. मला या सगळ्यांबद्दल आदर आहे, कारण गंधारासाठी झोप उडणं ही लहान गोष्ट नाही.

बासरी-पियानोच्या जोडीनं मात्र तिसरीच वाट धरली, आणि काकांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

पेटीचा सूर भात्यावर चालतो. पट्टी दाबून ठेवा आणि भाता हलवत राहा, सूर तसाच ठाम उभा. पियानोत हातोडी तारेवर पडते आणि लगेच मागे हटते. सूर जन्मतो त्याच क्षणापासून विरू लागतो. वरून बासरीनं लांब गंधार धरला तर खालचा पियानोचा गंधार तोवर ओसरत आलेला असतो. लाटा उठतात, पण त्यांना बळ उरत नाही. विरणं हा पियानोचा दुबळेपणा, असं मी पूर्वी मानत होतो. बासरीशेजारी ऐकल्यावर कळलं की तो त्याचा शेजारधर्म आहे.

आणि बासरी वाकते. पाश्चात्त्य मैफलीतली धातूची बासरी म्युनिकच्या थिओबाल्ड बोमनं घडवली. तो मूळचा सोनारकामात तयार झालेला. १८४७ साली त्यानं तिची नळी सरळ केली आणि भोकं हिशोबानं पाडली, तीही बारा सारख्या भागांच्या हिशोबानं. म्हणजे ती पियानोच्या नात्यातली होऊनच येते. तरीही शेवटचा केसभर फरक वाजवणाऱ्याच्या ओठावर असतो. बासरी थोडी आत वळवली की सूर उतरतो, बाहेर वळवली की चढतो. पियानोवादकाची पट्टी पडायच्या आत त्याचा गंधार कुठे येणार हे बासरीवाल्याला मनात ऐकू यावं लागतं. बासरीवादक ज्याँ-पिएर रांपाल आणि पियानोवादक रोबेर व्हेरों-लाक्रुआ यांनी कित्येक वर्षं जोडीनं वाजवलं. त्यांची ध्वनिमुद्रणं ऐका, जुळवून घेतल्याची खूणही सापडत नाही.

आपल्या गावाचा उन्हाळा या जोडीला सोसला नसता, हेही सांगून टाकतो. हवा तापली की तिच्यात आवाज वेगानं धावतो आणि बासरी चढते. नळीतली हवा वीस अंशांवरून चाळीस अंशांवर गेली तर सूर काळी-पांढरीतल्या अंतराच्या निम्म्याहून अधिक चढेल. फुंकीच्या उबेमुळे प्रत्यक्षात फरक याहून कमी पडतो, तरी पडतोच. पियानोच्या तारा मात्र उन्हानं सैल पडून उतरतात. एक वर, एक खाली. वैशाखात मिरजगावच्या रस्त्यावर दुपारी उभं राहिलेल्याला वेगळं सांगायला नको.

गुरुवारी संध्याकाळी माझी पांढरी तीनची बासरी घेऊन मी काकांकडे गेलो. पेटीचा षड्ज तिथेच धरला. आधी दोघांनी मिळून गंधार लावला. खटका बसला, तोच. मग मी म्हटलं, “काका, मी गंधारावर थांबलो की तुम्ही गंधाराची पट्टी सोडा. षड्ज-पंचम राहू द्या, भाता हलका ठेवा.”

त्यांनी बोट उचललं. बांबूतला गंधार त्या षड्ज-पंचमावर असा टेकला की भिंतीला टेकून बसलेल्या त्यांच्या नातवानं मान वर केली. पुन्हा केलं. चौथ्या वेळी मी काही सांगायच्या आधीच काकांचं बोट सुटलं होतं.

“इतकी वर्षं मी तो धरूनच ठेवत होतो,” ते म्हणाले. “साथ म्हणजे प्रत्येक सुराला हात द्यायचा, असंच शिकलो.”

पियानो जे आपल्या घडणीमुळे करतो, ते काकांनी बोट उचलून केलं. दोन वाद्यांची सोबत मला याच जागी समजते. सूर दोघांनी द्यायचा असतो, पण तो पुरा होण्यासाठी कुणी किती वेळ थांबायचं आणि कधी हात काढून घ्यायचा, हे ठरवावं लागतं.

पुलांकनं हा सोनाटा १९५७ साली लिहिला आणि त्याच जूनमध्ये स्ट्रासबर्गला रांपालबरोबर स्वतः पियानोवर बसून पहिल्यांदा वाजवला. पुढच्या रविवारी ‘कांतिलेना’ ऐकताना पियानोच्या डाव्या-उजव्या हाताकडे कान ठेवा. तो कुठे सूर देतो आणि कुठे विरू देतो, ते मोजत जाऊ. काकाही ऐकायला येणार आहेत.